तारापूरचा अणू आणि आपले हृदय

तारापूरला १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. म्हणूनच बोईसरला मला हटकून प्रश्न येतो: अणू दारात असताना हृदयाच्या ‘थॅलियम’ तपासणीसाठी मुंबई का गाठायची?

तारापूरच्या भट्ट्या वीज करतात. रुग्णालयांना लागणारी किरणोत्सारी द्रव्ये ट्रॉम्बेच्या ‘ध्रुव’सारख्या संशोधन भट्टीत बनतात. नाव थॅलियमचे असले तरी आज बहुधा टेक्नेशियम टोचतात. त्याचा जोर सहा तासांत निम्मा होतो, त्यामुळे ते साठवून ठेवता येत नाही. गॅमा कॅमेरा आणि परवाने हवेत ते वेगळेच.

मला विचाराल तर आपली पहिली गरज ही नव्हेच. २०१४ साली पालघर जिल्हा झाला, त्यात जव्हार-मोखाड्याचे पाडेही आले. तिथल्या बाईच्या हृदयाची झडप सांधेवाताच्या तापाने बिघडली असेल, तर ते इकोत दिसते. इको ध्वनिलहरींवर चालतो, त्यात किरणोत्सार नाही. यंत्र आता हातात मावते. पण गर्भलिंगनिदानाच्या कायद्यामुळे ते मनास येईल तिथे नेता येत नाही. हे बंधन रास्तच आहे. अडते ते चित्र वाचणाऱ्या माणसापाशी.

अँजिओग्राफी रक्तवाहिनीतला अडथळा दाखवते, थॅलियम स्नायूला रक्त पोचते का ते सांगते. एमआयडीसीत पाळीवर छातीत कळ आलेल्या कामगाराला मात्र दवाखान्यात पोचल्यावर दहा मिनिटांत साधा ईसीजी हवा. ते चित्र नव्हे, कागदावरची नुसती रेघ. ती बोईसरलाच निघायला हवी, रुग्णवाहिका हमरस्त्याला लागण्याआधी.