जहाजावरील नाताळ

वऱ्हाडास समुद्र नाही. अमरावती-अकोल्याकडील मुलांस नाताळ म्हणजे शाळेची सुटी, थंडी आणि शेतावरचा हुरडा एवढेच ठाऊक असते; वडीलधाऱ्यांस फार तर १८९७ च्या नाताळात अमरावतीस भरलेली राष्ट्रीय सभा आठवते. परंतु हा शब्द आपल्याकडे आला तो समुद्रावरून. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज असून त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ ‘जन्माचा’ असा आहे. आपल्या संस्कृत ‘जात’ शब्दाशी त्याचे नाते आहे, हे आम्ही वर्गात मुद्दाम सांगत असू. १४९७ साली हिंदुस्थानची वाट शोधीत आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याने जात असता वास्को द गामास हा सण जहाजावरच आला, म्हणून त्याने त्या किनाऱ्यासच नाताळ हे नाव दिले.

त्यानंतर ३९९ वर्षांनी, त्याच नाताळ प्रांतातील डरबन बंदराबाहेर, दुसरा एक नाताळ जहाजावर साजरा झाला. मुंबईहून निघालेली ‘कूरलँड’ व ‘नादेरी’ ही जहाजे १८९६ च्या डिसेंबरात तेथे पोहोचली. दोहोंवर मिळून सुमारे ८०० उतारू होते. मुंबईत प्लेग असल्याचे निमित्त करून सरकारने कोणास उतरू दिले नाही. हिंदी लोक परत जावेत ही तेथील गोऱ्यांची खरी इच्छा होती. विषुववृत्ताच्या दक्षिणेस डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. अशा दिवसांत लोक तीन आठवड्यांहून अधिक काळ जहाजांवर अडकून पडले. ‘कूरलँड’वर २७ वर्षांचे मोहनदास गांधी सहकुटुंब होते.

नाताळच्या दिवशी कप्तानाने वरच्या वर्गातील उतारूंस मेजवानी दिली. भोजनोत्तर भाषणात गांधीजींनी पाश्चात्त्य सुधारणा मुख्यतः बळावर उभी असल्याचे सांगितले. तेव्हा कप्तानाने विचारले की, गोऱ्यांनी आपल्या धमक्या खऱ्या केल्या तर तुमची अहिंसा कशी टिकणार? त्यांस क्षमा करण्याचे आणि त्यांजवर फिर्याद न करण्याचे धैर्य ईश्वर मला देईल, अशा आशयाचे उत्तर गांधीजींनी दिले. ते ऐकून कप्तान हसला.

पंगतीत बसून क्षमेच्या गोष्टी कोणासही बोलता येतात. परंतु अवघ्या १९ दिवसांनी, १३ जानेवारी १८९७ रोजी, गांधीजी किनाऱ्यावर उतरले तेव्हा जमावाने त्यांस दगड व लाथाबुक्क्यांनी मारले. पोलीस सुपरिंटेंडेंट अलेक्झांडर यांच्या पत्नी छत्री उघडून मध्ये उभ्या राहिल्या, म्हणून ते बचावले. पुढे वसाहतमंत्री चेंबरलेन यांनी विलायतेहून हल्लेखोरांवर खटला भरण्याविषयी कळविले. गांधीजींनी नकार दिला आणि तो लिहूनही दिला.

एकत्र कुटुंबात क्षमेचा उपदेश पुष्कळ होतो. पण स्वतःस लागले असता फिर्याद घेऊन वडिलांपुढे न जाणारा विरळाच. यास्तव सुटीत मुलांस ही हकीकत सांगताना मेजवानीपाशीच थांबू नये. ती धक्क्यापर्यंत न्यावी, असे आम्हांस वाटते.