नाव खोडलं म्हणजे माणूस लपत नाही



मागच्या पावसाळ्यात आपल्या भागातल्या एका आश्रमशाळेत सिकलसेलची तपासणी झाली. तपासणी व्हायलाच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तपासणीनंतर निकालाची यादी ऑफिसच्या दाराला चिकटवली. नाव, इयत्ता, गाव आणि पुढे 'वाहक' किंवा 'रुग्ण'. बाजाराच्या दिवशी पोरांना भेटायला आलेल्या माणसांनी ती वाचली. ज्यांना वाचता येत नाही त्यांना दुसऱ्यांनी वाचून दाखवली.

माझ्या मामाच्या धाकट्या पोरीचं नाव त्यात होतं, 'वाहक' म्हणून. वाहक म्हणजे आजारी नव्हे. वाहक माणूस शेती करतो, डोंगर चढतो, म्हातारा होतो. दोघं नवराबायको वाहक असले तर प्रत्येक पोराच्या वेळी चारात एक शक्यता असते की पोर आजारी निघेल. एवढीच ती गोष्ट, आणि ती घरात बसून शांतपणे समजावून सांगायची. पण सांगितली दाराने. तिच्या मोठ्या बहिणीची बोलणी लागली होती, ती मोडली. समोरचे म्हणाले, "त्या घरात रक्त खराब आहे." मोठीची तर तपासणीसुद्धा झालेली नव्हती.

मी विचारायला गेले तर तिथले एक जण म्हणाले, "यादी काढून टाकतो ताई, झालं ना?" कागद निघाला. मोडलेली बोलणी काही परत आली नाहीत.

हे आत्ता सांगायचं कारण वेगळं आहे. या जूनमध्ये पोरांच्या हातून घरोघरी एक फॉर्म आला. वरती पोराचं नाव, आधार, जात, बापाचा मोबाइल. खाली बारीक अक्षरात एक ओळ : पाल्याची आरोग्याची व शाळेची माहिती अभ्यास व संशोधनासाठी एकत्र जोडण्यास माझी हरकत नाही. त्याखाली अंगठ्याची जागा. आमच्या पाड्यात तो फॉर्म १७ घरांत आला. एकाही घरात कुणी ती ओळ वाचून दाखवली नव्हती. सगळ्यांना वाटलं, शिष्यवृत्तीचा कागद आहे.

जोडणी म्हणजे काय?

पोर अंगणवाडीत असतं तेव्हा त्याचं वजन-उंची ताई मोबाइलमध्ये पोषण ट्रॅकरवर भरते. शाळेत गेलं की हजेरी, मार्क, गळती हे शिक्षण खात्याकडे जातं, आणि आता 'अपार' नावाचा १२ आकडी नंबर काढतात, तो आधारला जोडून. दवाखान्यात 'आभा' नावाचा १४ आकडी नंबर. सिकलसेलच्या तपासणीची नोंद अजून वेगळी. आजपर्यंत ही गाठोडी वेगवेगळ्या खोल्यांत होती. अंगणवाडीला शाळेचं माहीत नव्हतं, शाळेला दवाखान्याचं माहीत नव्हतं. जोडणी म्हणजे या खोल्यांच्या मधल्या भिंती पाडणं. मग एकाच कागदावर दिसतं की हे पोर दोन वर्षांचं असताना कुपोषित होतं, पाचवीत तीन महिने गैरहजर होतं, रक्तात हा दोष आहे, आणि गणितात नापास झालं.

आम्ही संशोधनाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. सिकलसेलच्या पोराला थंडीत सांधे धरतात, ते वर्गात बसू शकत नाही, मास्तर म्हणतो आळशी आहे. असं पोर वर्षात किती दिवस बुडतं आणि त्यामुळे किती मागे पडतं, हे कुणी दोन्ही नोंदी जोडून दाखवलं तर आपल्यालाच बळ येईल. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे. त्याच्या सवलती मागायला असा पुरावा लागतो. पुराव्याची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको. जंगल जमिनीच्या दाव्यात आपण काय लावलं? गार्डने आपल्याच बापजाद्यांना केलेल्या दंडाच्या पावत्या! आपल्याला हुसकून लावायला फाडलेला कागद आपण जपून ठेवला, आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा कब्जा त्यावर दाखवला. ज्याच्याकडे ती पावती राहिली नाही, तो दुसरे पुरावे शोधत फिरला.

तेव्हा कागद वाईट नाही. कागद कुणाच्या हातात आहे आणि कोणत्या कामाला वापरायचा हे कोण ठरवतो, हा आपला सवाल आहे.

"नाव काढून टाकतो, मग घाबरता कशाला?"

फॉर्म घेऊन आलेल्यांना आम्ही विचारलं तेव्हा हेच उत्तर मिळालं. नाव आणि आधार नंबर काढून टाकणार, फक्त आकडे ठेवणार. शहरात हे उत्तर थोडंफार चालत असेल. तिथे एका वस्तीत नववीच्या पोरी शेकड्यांनी असतात.

आपल्या पाड्यात ४० घरं. नववीत पोरी किती? तीन. त्यात सिकलसेलची किती? एक. आता नाव खोडा आणि कागद वाचा : अमुक गाव, मुलगी, नववी, सिकलसेल, दिवाळीनंतर चार महिने गैरहजर. कोण पोरगी ते कोतवाल सांगेल, दुकानदार सांगेल, ऊसतोडीचा मुकादम तर आधी सांगेल, कारण ते चार महिने ती आईबापाबरोबर त्याच्याच कोपीवर होती. मोठ्या गावात माणूस गर्दीत लपतो. आपल्याकडे गर्दीच नाही. जितका पाडा लहान, तितकं नाव खोडणं फुकट. म्हणून जे संरक्षण शहराच्या पोराला पुरतं ते आपल्या पोराला पुरत नाही, त्याला जास्त लागतं.

दुसरं असं की एका पोराचं नाव नसलं तरी जमातीचं नाव असतंच. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमध्ये हवासुपाई नावाची छोटी आदिवासी जमात राहते. १९९० नंतरच्या काळात ॲरिझोना राज्याच्या विद्यापीठाने त्यांचं रक्त घेतलं. त्यांच्यात मधुमेह फार होता, त्याचा अभ्यास करतो म्हणून त्यांनी रक्त दिलं. पुढे तेच रक्त मनाच्या आजाराच्या अभ्यासाला वापरलं, त्यांचे पूर्वज कुठून आले याच्या अभ्यासालाही वापरलं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. कळलं तेव्हा ते कोर्टात गेले. २०१० मध्ये विद्यापीठाने ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं. आपल्या नोंदी उद्या अशाच कुठे फिरल्या तर त्यातून काय निघेल? "या जमातीची पोरं मुळातच मंद", "हे लोक पोरांना शाळेत पाठवत नाहीत". आधीच बोलतात, मग आकडे लावून बोलतील. आणि पोर चार महिने गैरहजर दिसलं म्हणून वनखातं म्हणालं की हे कुटुंब इथे राहतच नाही, दावा खोटा आहे, तर काय करणार? शिक्षणासाठी दिलेली नोंद जमीन काढून घ्यायला वापरायची नाही, असं आज कुठे लिहून दिलंय? त्या फॉर्मवर तर नाही.

"हेडमास्तरांची सही आहे ना!"

साथींनो, ही सही आपल्याला महागात पडते. खम्मम जिल्हा आता तेलंगणात आहे, तेव्हा आंध्रात होता. तिथे आणि गुजरातेत वडोदऱ्याला २००९ मध्ये १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस अभ्यास म्हणून दिली. खम्ममच्या मुलींत पुष्कळ आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. एप्रिल २०१० मध्ये ते काम थांबवावं लागलं. काही मुली त्या काळात मेल्या. ते मरण लसीने नव्हतं असं चौकशीत निघालं, आणि त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण संमतीचं काय निघालं ते बघा. संसदेच्या समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला. आंध्रातले ९,५४३ फॉर्म तपासले, त्यात २,७६३ वर सह्या वसतिगृहाच्या वॉर्डनच्या होत्या आणि १,९४८ वर नुसते अंगठे. आईबाप डोंगरात, पोर वसतिगृहात, आणि सही वॉर्डनची.

तेव्हा सुई होती, आता कागद आहे, एवढाच फरक. आपण पोर शाळेच्या हवाली करतो ते शिकायला आणि जेवायला. पोराचं रक्त आणि दुखणं कुणाला द्यायचं हे ठरवायचा हक्क त्यात दिलेला नाही.

"कायदा आहे की!"

आहे. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यात शिकलेल्यांचा आणि अडाण्यांचा असा भेद केलेला नाही. २०१८ च्या आधारच्या निकालात म्हटलंय की शाळाप्रवेशाला आधारची सक्ती नाही आणि आधार नाही म्हणून पोराचा लाभ अडवायचा नाही. २०२३ मध्ये डिजिटल डेटा संरक्षणाचा कायदा झाला. १८ वर्षांखालच्या पोराची माहिती वापरायची तर आईबापाची खरी संमती पाहिजे असं त्यात आहे.

पण त्याच कायद्याचं १७ वं कलम वाचा. संशोधनासाठी माहिती वापरायची असेल, आणि त्यावरून त्या एका माणसाबद्दल काही निर्णय घ्यायचा नसेल, ठरवलेले नियम पाळले असतील, तर हा कायदा लागू नाही! म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार उघडं. आपल्या पाड्यात सगळे जण मागच्या दारानेच येतात.

आयसीएमआरने २०१७ मध्ये संशोधनाचे नियम काढले, ते आपल्या कामाचे आहेत. आईबापाची संमती लागते. सात वर्षांवरच्या पोरालाही विचारावं लागतं. आदिवासींवर संशोधन करायचं तर त्याचा आदिवासींना उपयोग झाला पाहिजे. गावाच्या प्रमुखाने हो म्हटलं तरी प्रत्येक माणसाची संमती वेगळी घ्यायची. फॉर्म आणणाऱ्याला विचारा, हे नियम वाचलेत का?

आणि हे जमत नाही असं कुणी सांगू नये. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात १९९५ पासून नोंदी जोडायचं काम चालतं. तिथे नाव जुळवणाऱ्याला आजार दिसत नाही, आणि आजार अभ्यासणाऱ्याला नाव दिसत नाही. दोन्ही किल्ल्या एका माणसाकडे देत नाहीत. तिथल्या आदिवासींच्या आरोग्यावर संशोधन करायचं तर आदिवासींच्या वेगळ्या समितीपुढे जावं लागतं. तिथे होतं तर इथे का नाही? आपल्याकडे तर पेसाची ग्रामसभा तयार आहे.

आपण काय करायचं?

ग्रामसभेत हा विषय घ्या. आया आणि मोठ्या पोरी हजर पाहिजेत. ठराव असा घ्या :

१. फॉर्म आपल्या बोलीत ग्रामसभेत वाचून दाखवा. मग प्रत्येक घराला घरी न्यायला द्या, विचार करायला वेळ द्या.

२. संमती आईबापाची आणि कळत्या पोराची. हेडमास्तर, वॉर्डन, सरपंच यांची सही चालणार नाही.

३. 'नाही' म्हटलं तरी शिष्यवृत्ती, आहार, दाखला, औषध काही अडणार नाही, हे लेखी द्या.

४. नाव एकाकडे, आजार दुसऱ्याकडे. गाव-पाड्याचं नाव छापायचं नाही. एखाद्या गटात दहापेक्षा कमी पोरं असतील तर तो आकडाच बाहेर काढायचा नाही.

५. माहिती ज्या कामाला घेतली त्याच कामाला वापरायची. वनखातं, पोलीस, ठेकेदार, विमा कंपनी यांना द्यायची नाही. काम संपलं की पुसायची, आणि पुसल्याचं ग्रामसभेला कळवायचं.

६. अभ्यासातून काय निघालं ते आधी ग्रामसभेत सांगायचं, मग बाहेर.

यातली एकही अट संशोधनाला मारत नाही. प्रामाणिक अभ्यास करणारा माणूस सहा अटींनी पळून जात नाही. जो पळेल त्याचा हेतू आपल्याला तिथेच कळेल.

ज्यांनी आधीच अंगठा दिला त्यांनी घाबरू नका. 'वाचून न दाखवता घेतलेली संमती मी मागे घेतो/घेते' असा साधा अर्ज शाळेत द्या आणि पोच घ्या. अर्जाचा नमुना तालुक्याच्या कार्यालयात ठेवला आहे, लिहायला कुणी नसेल तर आम्ही लिहून देऊ. आमच्या पाड्यातल्या १७ पैकी ११ घरांनी दिला. उरलेल्या सहा घरांची माणसं कामाला गुजरातेत आहेत, ती आली की देतील.

माझ्या मामाच्या घरी मी परवा गेले होते. धाकटी म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी रक्त द्यायचं नाही." मला याचीच भीती वाटते. ज्या पोरीने तपासणी करून घ्यायला पाहिजे तीच उद्या तपासणीला घाबरून पळणार. दाराला यादी लावणाऱ्याने तिची इज्जत घेतलीच, वर तिचं औषधही लांब केलं. मी तिला म्हटलं, रक्त दे, पण त्याआधी विचार, माझा कागद कुठे ठेवणार? हा सवाल आता आपल्या प्रत्येक पोराला शिकवायचा आहे.

जमिनीचा सातबारा आपल्या नावावर करायला आपण लढतोय. पोरांच्या दुखण्याचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर चढू देऊ नका.

आमु आखा एक से!
जिंदाबाद!