सब्र म्हणजे गप्प बसणे नव्हे

8 सप्टेंबर 2006. शुक्रवार आणि शब-ए-बारातचा दिवस. मालेगावच्या हमीदिया मशिदीत जुम्याची नमाज झाली आणि लगतच्या बडा कब्रस्तानात स्फोट झाले. तीसहून अधिक माणसे गेली. दोन वर्षांनी, 29 सप्टेंबर 2008 रोजी, रमजानमध्ये भिक्कू चौकात पुन्हा स्फोट झाला. सहा जण गेले.

पहिल्या प्रकरणात पकडलेल्या मुस्लिम आरोपींना 2016 साली विशेष न्यायालयाने दोषमुक्त केले. दुसऱ्या खटल्यात 31 जुलै 2025 रोजी सातही आरोपी निर्दोष सुटले. मृतांच्या कुटुंबांना दोन लाख आणि जखमींना 50 हजार रुपये द्यावेत, असा आदेश न्यायालयाने दिला. या सगळ्यावर आपण बोललो आणि बोलायलाच हवे. पण त्या दिवशी कब्रस्तानात असलेल्या मुलाला आज शांत झोप लागते का? वर्षानुवर्षे ‘दहशतवादी’ म्हणवून घेतलेल्या माणसाच्या मनाचे काय झाले? हे आपण क्वचितच विचारतो.

विचारले, तर उत्तर ठरलेले असते: ‘सब्र करो.’

मोठ्या आघातानंतर महिना उलटूनही तो प्रसंग डोळ्यांसमोर येत राहणे, आवाजाने दचकणे, त्या जागेकडे पाय न वळणे, झोप उडणे, या त्रासाला वैद्यकशास्त्राने 1980 साली स्वतंत्र आजार म्हणून मान्यता दिली. तो प्रत्येकाला होत नाही. बहुतेक माणसे आपल्या माणसांच्या आधाराने सावरतात. पण ज्यांना होतो, त्यांचा ईमान कमकुवत असतो असे नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्राचे प्राध्यापक केनेथ पारगामेंट यांनी संकटात माणूस धर्माचा आधार कसा घेतो, याचा अनेक वर्षे अभ्यास केला. 1995 साली ओक्लाहोमा सिटीत बाँबस्फोट झाला, तेव्हा तिथल्या चर्चमध्ये जाणाऱ्या लोकांशीही ते बोलले. त्यांना दोन वाटा दिसल्या. एक, ईश्वराजवळ जाणे, इतरांचा आधार घेणे आणि देणे. दुसरी, ‘ही माझ्या पापाची शिक्षा आहे, देवाने मला सोडले’ असे मानणे. पहिल्या वाटेने जाणारे एकूणात अधिक सावरलेले दिसले, दुसऱ्या वाटेवरचे अधिक खचलेले.

म्हणून कोसळलेल्या माणसाला ‘तुझ्या गुनाहांमुळे झाले’ किंवा ‘नमाज पढत असतास तर असे झाले नसते’ म्हणणारा त्याला दुसऱ्या वाटेवर ढकलत असतो.

आपल्या परंपरेत सब्र आणि अश्रू यांचे वैर नाही. हजरत याकूब अलैहिस्सलाम मुलाच्या विरहात इतके रडले की त्यांची दृष्टी गेली. तरीही कुरआनात ते सब्राचे उदाहरण आहेत. त्यांनी आपले दुःख लपवले नाही, ते अल्लाहपुढे मांडले. हजार वर्षांहून आधी अबू जैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोघांच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. मनाचा इलाज हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, असे म्हणणाऱ्याला आपलाच इतिहास ठाऊक नाही.

मग करायचे काय? नाशिक-मालेगावच्या तरुणांनी तीन गोष्टी कराव्यात. घरातल्या, गल्लीतल्या अशा माणसाजवळ बसावे. उपदेश न करता ऐकावे. मशिदीच्या जबाबदार मंडळींना सांगून वर्षातून एखादा खुतबा मनाच्या आजारावर व्हावा, असा आग्रह धरावा. आणि त्रास थांबत नसेल तर त्या माणसाला सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात स्वतः सोबत न्यावे. 2017 च्या कायद्याने मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क आहे. 14416 या टेलि-मानस क्रमांकावर दिवसरात्र, मोफत, मराठीतूनही बोलता येते.

न्यायासाठीची लढाई लांब असते. ती लढणारी माणसे आतून शाबूत राहावीत, ही जबाबदारी मात्र न्यायालयाची नाही. ती आपली आहे.