पाटल्या मोडण्याआधी

मैत्रिणींनो, गेल्या आठवड्यात जळगावहून एका भगिनीचं पत्र आलं. ‘नाव छापू नका’ असं तिनं दोनदा लिहिलंय. यजमान धुळ्याला नोकरीत, शनिवारी एसटीनं घरी येतात. तिथं त्यांना एक एजंट भेटला. म्हणाला, ‘अमेरिकेच्या व्हिसाच्या लॉटरीत तुमचा नंबर लागलाय. मुंबईला मुलाखत होईल. आधी ऐंशी हजार भरा.’ यजमानांनी घरी येऊन पाटल्यांची गोष्ट काढली. ती विचारते, ‘ताई, मुलाखत मिळण्याचा संभव कितपत? पाटल्या माझ्या आईच्या आहेत. देऊ की नको?’

बाई गं, पाटल्या डब्यातच राहू देत. संभव विचारशील तर शून्य.

लॉटरी खोटी नाही बरं का. १९९० च्या कायद्यानं ती ठरली आणि १९९५ सालच्या व्हिसांपासून सुरू झाली. पण ती आहे कुणासाठी? ज्या देशांतून अमेरिकेत कमी माणसं स्थायिक होतात, त्यांच्यासाठी. मागल्या पाच वर्षांत ५० हजारांहून जास्त लोक ज्या देशातून गेले, तो देश बाद. आपली माणसं तिकडे एवढी गेली आहेत की भारत वर्षानुवर्षे बादच आहे. आणि इथं पाहतात तो जन्माचा देश. जळगावात जन्मलेल्याचा नंबर लागेल कसा? नवरा किंवा बायको यादीतल्या देशात जन्मलेली असेल तर वाट निघते, आईवडिलांच्या जन्मावरूनही क्वचित निघते. पण आपल्या खानदेशी घरांत तसं कुठलं?

ज्यांना लॉटरी लागू आहे, त्यांचं तरी काय होतं ते पाहा. २०२५ सालच्या व्हिसांसाठी सुमारे १ कोटी ९९ लाख अर्ज आले. निवडले गेले बायकामुलं धरून सुमारे १ लाख ३१ हजार. आणि व्हिसे? फार तर ५५ हजार! म्हणजे आवतण एकशेएकतीस जणांना आणि पंगतीत पानं मांडलेली पंचावन्न. मुलाखतीला बोलावतात ते क्रमांकानं, लहान क्रमांक आधी. ३० सप्टेंबरला वर्ष संपलं की उरलेल्यांचं नशीबही संपलं. त्यात डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकन सरकारनं ही योजनाच थांबवत असल्याचं जाहीर केलं.

तेव्हा घरात भांडण न काढता यजमानांना शांतपणे तीन प्रश्न विचारायला सांगा. जेवण झाल्यावर, थोरल्या दिरांच्या देखत विचारलेत तर उत्तम.

पहिला: अर्ज भरल्याचा क्रमांक कुठं आहे? निवड झाल्याचं सरकार फोन करून सांगत नाही, पत्रही धाडत नाही. अर्जदारानंच तो क्रमांक सरकारी संकेतस्थळावर घालून पाहायचा असतो.

दुसरा: ऐंशी हजार कशाचे? अर्ज अनेक वर्षे फुकट होता. २०२५ मध्ये फी ठरली, ती एक डॉलर. व्हिसाची मोठी फी असते, पण ती आगाऊ एजंटाच्या हातात द्यायची नसते.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: अर्जात जन्माचा देश कोणता लिहिलाय? भारत लिहिला असेल तर अर्ज बाद. दुसरा लिहिला असेल तर ते खोटं तुमच्या यजमानांच्या नावावर चढलं, एजंटाच्या नव्हे. व्हिसासाठी खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर अमेरिकेची दारं कायमची बंद होऊ शकतात. उद्या तुमचा मुलगा तिकडे शिकायला गेला आणि त्याला भेटायला निघायचं म्हटलं, तरी हेच आड येईल.

पैसे आधीच दिले असतील तर लाजून गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा, पोलिसांत लेखी तक्रार द्या. पावती, निरोप, फोन नंबर, काही पुसू नका.

परदेशी जाऊच नये असं मी म्हणत नाही. शिक्षणावर जाता येतं. नोकरीवर जाता येतं. तिथंही सोडत असते, पण अर्ज तिकडची कंपनी करते. सख्खा भाऊ तिकडचा नागरिक असेल तर तो अर्ज करू शकतो, मात्र पंधरा वर्षांहून जास्त थांबावं लागतं. या वाटा लांबच्या, पण खऱ्या.

जळगावच्या सराफ बाजारात सोनं मोडायला पाच मिनिटं पुरतात. आईच्या हातच्या पाटल्या मात्र पुन्हा घडत नाहीत. यजमानांना राग आला तर हे पान त्यांच्यापुढं ठेवा. राग दोन दिवसांत उतरेल, कर्ज उतरायला वर्षं जातात.

— तुमची ताई