नॅनोकणांनी क्रोमियम पकडले, पुढे काय?

सूक्ष्म छिद्रांच्या धातू-सेंद्रिय जाळ्यांवरील संशोधनासाठी सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर यागी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पाण्यातील विषारी द्रव्ये पृष्ठभागावर धरून ठेवणाऱ्या अधिशोषक पदार्थांकडे त्यामुळे पुन्हा लक्ष वेधले गेले आहे. मात्र या तंत्राची खरी कसोटी प्रयोगशाळेत नव्हे, तर कानपूरच्या जाजमऊसारख्या ठिकाणी लागणार आहे.

कातडे कमावताना वापरलेल्या क्रोमियम क्षारांपैकी साधारण ६० ते ७० टक्केच कातड्यात मुरतात. उरलेले सांडपाण्यात जातात. गंगा कृती योजनेअंतर्गत नेदरलँड्सच्या साहाय्याने जाजमऊ येथे १९९४ मध्ये दररोज ३ कोटी ६० लाख लिटर क्षमतेचा प्रकल्प उभा राहिला. त्यात टॅनऱ्यांचे ९० लाख लिटर पाणी शहरी सांडपाण्यात मिसळून शुद्ध करण्याची योजना होती. जिवाणूंमुळे सेंद्रिय घाण विघटित होते. धातू नष्ट होत नाही. तो गाळात उतरतो किंवा पाण्याबरोबर शेतांत जाऊन साचतो.

नॅनोपदार्थांचे सामर्थ्य त्यांच्या पृष्ठभागात आहे. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर असते. त्याचेच १० नॅनोमीटरचे तुकडे केले तर ते ६०० चौरस मीटर होते. धातूचे आयन चिकटण्यास एवढी जागा मिळते. आयआयटी मद्रासचे प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने लोहाच्या अशाच पदार्थाने पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिक काढण्याचे तंत्र प्रत्यक्ष वापरात आणले आहे.

परंतु विहिरीचे पाणी वेगळे आणि टॅनरीचे वेगळे. टॅनरीच्या पाण्यात मीठ, सल्फेट, प्रथिने व चरबी यांची गर्दी असते. तेच घटक अधिशोषकावरील जागा व्यापतात. शिवाय कातडे कमावण्यासाठी त्रिसंयुजी क्रोमियम वापरतात, तर अधिक घातक षट्संयुजी क्रोमियम क्रोम-क्षार बनविणाऱ्या कारखान्यांच्या कचऱ्यात आढळते. दोन्हींना एकच अधिशोषक सारखाच लागू पडत नाही. भरलेला अधिशोषक आम्ल वा अल्कलीने धुऊन पुन्हा वापरता आला नाही, तर तोही घातक कचराच ठरतो. कानपूर देहातमधील रानिया येथे क्रोमियम कचऱ्याचे ढीग अनेक दशके पडून होते आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला कठोर आदेश द्यावे लागले, हे विसरता येणार नाही.

म्हणूनच क्रम महत्त्वाचा आहे. क्रोमियमयुक्त पाणी कारखान्यातच वेगळे काढावे, त्यातील क्रोमियम अल्कलीने साक्यात उतरवून पुन्हा वापरावे आणि शेवटचा अंश टिपण्यासाठी नॅनोपदार्थ योजावेत. नदीत सोडावयाच्या सांडपाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे २ मिलिग्रॅम आणि षट्संयुजी क्रोमियम ०.१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, हा दंडक जुनाच आहे. त्याची मोजणी आणि अंमलबजावणी होत नसेल, तर नोबेलविजेते रसायनशास्त्रही गंगेच्या कामी येणार नाही.