तिसरें वचन

विवाहाच्या वेळीं कन्यादान करणारा पिता वराकडून एक वचन घेत असतो. धर्म, अर्थ आणि काम या तिन्ही बाबतींत हिला सोडून मी वागणार नाहीं, असें वर 'नातिचरामि' या एका शब्दांत सांगतो. भटजी तें घाईनें म्हणवून घेतात, फोटो काढणारा मध्येंच पुढें येतो आणि मंडळींचें लक्ष पंगतीकडे लागलेलें असतें. पुढें वर्ष दोन वर्षांनीं मुलगी माहेरीं आली म्हणजे पहिल्या दोन वचनांची चौकशी आपण न विसरतां करतों. जांवई देवाधर्माचें पाहतात ना? फ्लॅटचे हप्ते वेळेवर जातात ना? तिसऱ्या वचनाविषयीं मात्र कोणी अवाक्षर काढीत नाहीं. फार तर 'गोड बातमी केव्हां?' एवढें विचारून आपण मोकळे होतों.

या महिन्यांत आम्ही त्या तिसऱ्या वचनाविषयीं लिहिणार आहों. विषय नाजूक आहे आणि हें मासिक घरांतील थोरामोठ्यांच्या व मुलीबाळींच्या हातीं पडतें, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु जें दुखणें घरांतच उत्पन्न होतें, त्याविषयीं घरांत येणाऱ्या मासिकानेंहि मौन धरलें, तर बोलावें तरी कोणीं?

आमचें वास्तव्य चिंचवडगांवांत, मोरया गोसावींच्या समाधिमंदिरापासून हांकेच्या अंतरावर आहे. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी निघाली. मागून चिंचवड, आकुर्डी, भोसरी येथें कारखान्यांची रांग लागली. १९८२ सालीं महानगरपालिका झाली. ज्या चाकणचें नांव पूर्वीं कांद्याच्या बाजारासाठीं आणि संग्रामदुर्गासाठीं घेतलें जाई, तेथें आतां मोटारी तयार होतात. या सर्व पट्ट्याचें जीवन सूर्यावर चालत नाहीं, शिफ्टवर चालतें. एक आठवडा सकाळची पाळी, दुसरा दुपारची, तिसरा रात्रीची. नवरा रात्रपाळी करून बसमधून उतरतो, तेव्हां बायको डबा घेऊन कामावर निघालेली असते. दोघांची गांठ जिन्यांत पडते आणि किल्ली एका हातांतून दुसऱ्या हातांत जाते. घर दोन खोल्यांचें; मधल्या पातळ भिंतीपलीकडे आईवडिलांचा खोकला ऐकूं येतो. अशा घरांत दोन जिवांनीं परस्परांजवळ यावें केव्हां आणि बोलावें तरी कोणत्या आवाजांत, याचा विचार आम्हीं स्वतः पुष्कळ वर्षें केला नव्हता. तो आम्हांस एका प्रसंगानें करावयास लावला. त्यांत चूक आमची होती, म्हणून तो सांगतों.

आमचा एक जुना विद्यार्थी चाकणकडे एका कारखान्यांत यंत्रदुरुस्तीच्या कामावर आहे. विवाहास दीड वर्ष झालें असेल, तेव्हां तो एके दिवशीं संध्याकाळीं आमच्याकडे आला. पुष्कळ वेळ इकडचें तिकडचें बोलून झाल्यावर खालीं मान घालून म्हणाला, "सर, घरांत जरा बरें नाहीं." आम्हीं पुढें कांहीं विचारलें नाहीं. संस्कृताच्या मास्तरांस सवय असते तीप्रमाणें सहनशीलतेविषयीं दोन सुभाषितें ऐकविलीं आणि वर सांगितलें, "एक मूल झालें म्हणजे सर्व स्थिरस्थावर होतें." त्याचा चेहरा एकाएकीं उतरला. तो नमस्कार करून निघून गेला आणि नंतर वर्षभर आमच्या घराकडे फिरकला नाहीं.

वर्षानें बातमी आली कीं, मुलगी माहेरीं गेली असून वकिलाकडे कागद तयार होत आहेत. आमच्या सौभाग्यवतींची व त्या मुलीच्या आईची ओळख होती, म्हणून आम्ही दोघें त्यांच्याकडे गेलों. आम्ही बाहेरच्या खोलींत मुलीच्या वडिलांचें बोलणें ऐकत बसलों. हिनें आंत जाऊन मुलीस एकच प्रश्न विचारला, "बाळ, तुला दुखतें का?" मुलगी जी रडूं लागली ती अर्धा तास थांबली नाहीं. जें आमच्या सुभाषितांना वर्षभरांत साधलें नाहीं, तें या एका प्रश्नानें साधलें.

हकीगत अशी होती. पहिल्याच दिवसांत तिला असह्य वेदना झाल्या. ती भ्याली, भीतीमुळें शरीर अधिकच आक्रसूं लागलें. आपल्यांतच कांहीं उणें आहे, असें त्यास वाटूं लागलें आणि आपणच दोषी आहों, असें तिला. दोघांपैकीं कोणीच बोलेना. शेवटीं तो आपण होऊन रात्रपाळी मागून घेऊं लागला. घरचे लोक म्हणत, पोरगा किती कष्टाळू! तो घरांतील रात्र टाळीत होता, हें कोणास कळलें नाहीं. मध्यंतरीं भिंतीवरची जाहिरात वाचून तो एका 'गुप्तरोगतज्ज्ञा'कडेहि गेला. त्या गृहस्थांनीं न तपासतां, पत्नीविषयीं एक अक्षरहि न विचारतां, त्यास 'धातु क्षीण झाली आहे' असें सांगून तीन महिन्यांच्या पगाराइतक्या पुड्या गळ्यांत बांधल्या. कामशक्ति वाढविण्याच्या औषधांची अशी जाहिरात करण्यास १९५४ सालच्या कायद्यानेंच बंदी आहे. परंतु लाजेनें पिचलेला मनुष्य कायदा वाचावयास जात नाहीं, तो भिंत वाचतो.

आमच्या सौभाग्यवतींनीं त्यांना एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलें. बाईंनीं मुलीचें सर्व ऐकून, तिची संमति घेऊन, हळुवारपणें तपासलें. शरीरांत व्यंग कांहीं नव्हतें. योनिमार्गाभोवतींचे स्नायु भीतीमुळें आपोआप आवळले जातात; तें त्या स्त्रीच्या इच्छेवर अवलंबून नसतें; हा प्रकार विरळा नाहीं आणि उपायानें बहुधा बरा होतो, असें त्यांनीं सांगितलें. त्यानंतर त्यांनीं त्या दोघांना दांपत्यांवर उपचार करणाऱ्या एका समुपदेशकाकडे पाठविलें.

हे उपचार म्हणजे काय, याविषयीं आपल्या लोकांत फार चमत्कारिक कल्पना आहेत. प्रथम वैद्यकीय तपासणी होते. कारण वेदनेमागें जंतुसंसर्ग असूं शकतो, प्रसूतीनंतरचा किंवा रजोनिवृत्तीनंतरचा फरक असूं शकतो. पुरुषाच्या दौर्बल्यामागें मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, दारू, मनाची खिन्नता, किंवा चालू असलेलें एखादें औषधहि असतें. पुष्कळदां मधुमेहाची पहिली सूचना येथूनच मिळते, म्हणून हा केवळ मनाचा खेळ म्हणून सोडून देणें धोक्याचें. तपासणीनंतर समुपदेशक दोघांशीं एकत्र आणि निरनिराळें बोलतो. तो कोण चुकलें हें ठरवीत नाहीं; काय घडतें आणि घडतांना प्रत्येकाच्या मनांत काय येतें, हें दोघांकडून परस्परांना सांगवितो.

या पद्धतीचा पाया अमेरिकेंतील विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनीं घातला. त्यांचा उपचारविषयक ग्रंथ १९७० सालीं निघाला. त्यांचें मुख्य म्हणणें असें कीं, या दुखण्यांत रोगी एक व्यक्ति नसते. उपचार त्या दोघांमधील संबंधावर करावयाचा असतो. आपल्याकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रकाश कोठारी यांनीं या शास्त्राचा विभाग चालविला आणि डॉ. विठ्ठल प्रभु यांनीं 'निरामय कामजीवन' लिहून तें मराठी वाचकांच्या घरांत आणलें.

उपचाराचा आरंभ कसा होतो, हें ऐकून आम्ही थक्क झालों. समुपदेशकानें त्या जोडप्यास पहिली आज्ञा दिली ती अशी कीं, कांहीं आठवडे समागम करावयाचा नाहीं! केवळ जवळ बसावें, हातांत हात घ्यावा, स्पर्शाचा सराव करावा, आणि कोणता स्पर्श सुखाचा व कोणता नकोसा हें शब्दांनीं सांगावें. परीक्षाच रद्द झाली म्हणजे नापास होण्याचें भय उरत नाहीं, हें शिक्षकाच्या जन्मांत आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. जोडीला मुलीस श्वासाचा आणि स्नायु सैल सोडण्याचा सराव दिला होता.

हें ऐकतांना आम्हांस आपल्याच ग्रंथांची आठवण झाली. आश्वलायनगृह्यसूत्रांत विवाहानंतर तीन रात्री, बारा रात्री किंवा एक वर्ष ब्रह्मचर्य पाळावें, असें सांगितलें आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रांत 'कन्याविस्रंभण' नांवाचा एक अध्यायच आहे. विस्रंभ म्हणजे विश्वास. नववधूचा विश्वास कसा मिळवावा, हा त्याचा विषय. बळजोरीनें जवळ जाणाऱ्या पुरुषाविषयीं तिच्या मनांत कायमची नावड उत्पन्न होते, असा इशारा तो देतो. आधुनिक वैद्यकाचें सर्व ज्ञान आपल्या पूर्वजांस होतें, असें म्हणणारांपैकीं आम्ही नव्हे. सूत्रकारांचा हेतु धार्मिक होता आणि वैद्यांचा हेतु उपचाराचा आहे. परंतु दोन अनोळखी जिवांत आधीं विश्वास यावा आणि मग शरीरें जवळ यावीं, हा क्रम त्यांस ठाऊक होता. आपण तो ग्रंथ कपाटांत दडवून ठेवला आणि मधुचंद्राचीं तिकिटें मात्र काढून दिलीं.

मराठींत या विषयावर निर्भयपणें बोलणारे पुरुष झाले नाहींत असें नाहीं. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनीं १९२७ सालीं 'समाजस्वास्थ्य' हें मासिक काढलें आणि १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत तें चालविलें. वाचक आपलीं खासगी दुखणीं त्यांना लिहून कळवीत आणि ते छापील उत्तरें देत. १९३४ सालीं अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला. त्यांचें वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं घेतलें होतें. खटला हरला आणि दंड झाला. आमच्या लहानपणीं घरांतील वडीलधारी मंडळी महर्षींचें नांव आदरानें घेत आणि त्यांच्या चिरंजीवांचें नांव निघालें कीं विषय बदलीत. मुलीबाळी समोर होत्या म्हणून विषय बदलला, असें तेव्हां वाटे. आतां वाटतें, त्या मुलीबाळींसाठींच तो बदलावयास नको होता.

कोणी म्हणतील, पूर्वीं कोठें होते समुपदेशक? तरी संसार झालेच ना! झाले खरे. परंतु त्यांतील किती स्त्रियांनीं वेदना हाच संसार असें समजून आयुष्य काढलें, याची नोंद कोणीं ठेवली? संसार टिकणें आणि संसार सुखाचा होणें या दोन गोष्टी एक नव्हेत.

दुसरा आक्षेप असा कीं, घटस्फोटाच्या वेळीं न्यायालय समुपदेशक देतेंच. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यांत तशी सोय आहे आणि समेटाचा यत्न करणें हें न्यायालयाचें कर्तव्यहि आहे. परंतु तोंवर प्रकरण दोन वकिलांच्या हातीं गेलेलें असतें आणि दोहोंकडील नातलग साक्षीदार होऊन बसतात. गळू पिकण्याआधीं वैद्य गांठावा, हें शहाणपण शरीराच्या इतर भागांविषयीं आपल्यास आहेच.

येथें एक मर्यादा सांगणें अवश्य आहे. जेथें मारहाण, धाक किंवा बळजोरी आहे, तेथें 'दोघांनीं मिळून बोला' हा उपदेश घातक आहे. तेथें प्रथम त्या स्त्रीचें रक्षण झालें पाहिजे. त्यासाठीं २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. समुपदेशन हें भीतीचें औषध आहे. अत्याचाराचें तें पांघरूण होऊं नये.

तरुण दांपत्यांस आमचें सांगणें थोडकेंच आहे. भिंतीवरचा वैद्य टाळावा. ज्याच्याकडे जावयाचें, त्याची पदवी व नोंदणी विचारण्यांत संकोच धरूं नये. शक्य तों दोघांनीं मिळून जावें. कोठून आरंभ करावा हें सुचत नसल्यास घरच्या नेहमींच्या डॉक्टरांना एवढेंच म्हणावें, "आम्हांस या बाबतींत अडचण आहे." मन फारच खचलें असेल, तर १४४१६ या क्रमांकावर 'टेली मानस' ही सरकारी सेवा विनामूल्य मिळते, आणि मराठींत बोलतां येतें. पाळ्या निरनिराळ्या असतील, तर सुटीच्या दिवसांतील दोन तास तरी कोणासहि न देतां परस्परांसाठीं राखून ठेवावे.

आणि आम्हां वडीलधाऱ्या मंडळींस? आपण चौकशी करूं नये, वाट मोकळी ठेवावी. रविवारीं दुपारीं आपण दोघें देवदर्शनास निघून जावें व सावकाश परत यावें. मूल केव्हां, हा प्रश्न जिभेवर आला तर गिळावा. आणि कोणी मान खालीं घालून 'घरांत बरें नाहीं' म्हणाला, तर सुभाषित सांगूं नये. ऐकावें, आणि योग्य डॉक्टरांचें नांव द्यावें.

वकिलाकडील ते कागद पुढें सरकले नाहींत. उपचार सात आठ महिने चालले. मध्यें दोनदां तीं दोघें कंटाळून सोडणार होतीं, आणि दोन्ही वेळां मुलीनेंच धीर धरला. परवां संकष्टीस मोरयाच्या देवळांत दोघें भेटलीं. घाटाच्या पायऱ्यांवर बसून एकमेकांशीं कांहीं बोलत होतीं आणि मुलगी मोठ्यानें हंसत होती. त्यानें आतां रात्रपाळी सोडली आहे का, असें विचारण्याचा मोह आम्हांस झाला. आमच्या सौभाग्यवतींनीं डोळ्यांनीं दटावलें, म्हणून आम्हीं फक्त प्रसाद हातावर ठेवला आणि घरचा रस्ता धरला.