छत्री मोठीच घे

विमान नीट चालू असताना त्यातून उडी मारणारा माणूस शहाणा की वेडा, यावर आमच्या घरात दोन वर्षांपासून वाद चालू आहे. माझा भाचा, आपाचा मोठा मुलगा, दुबईत हिशेबाचे काम करतो. लाखांदुरात वाढलेला, बारावीपर्यंत सुट्टीत धानाच्या बांधीत रोवणीला उतरलेला पोरगा. तिकडे एकदा मित्रांबरोबर गेला, प्रशिक्षकाच्या छातीला बांधून घेऊन विमानातून उडी मारून आला आणि तिथून काही थांबला नाही. आज त्याच्या वहीत ६२ उड्यांची नोंद आहे. आपाची मात्र शनिवारची झोप गेली. तो उतरून ‘खैरियत’ एवढा निरोप टाकेपर्यंत ती मुसल्ल्यावरून उठत नाही.

हे सदर वाचणाऱ्या दोन घरांतूनही याच विषयावर मला विचारणा झाली आहे. एका घरी मुलगा हट्ट धरून बसला आहे, दुसऱ्या घरी मुलगी. हा छंद जायज की नाजायज, हे सांगणारी मी कोण? ते आपल्या आलिमांना विचारा. पण विचारताना त्यांना खरी माहिती द्या. ‘मुलगा आकाशातून उडी मारतो’ एवढेच सांगितले तर उत्तरही तेवढ्यावरच मिळेल. मी स्वतः स्टुलावर चढायला घाबरते, तरी भाच्याकडून आणि इकडून तिकडून बरेच काही शिकून घेतले आहे. आपण नको त्या गोष्टीला घाबरतो आणि घाबरायच्या गोष्टीकडे आपले लक्षच नसते, असे मला आता वाटते.

आपल्या महाराष्ट्रात या खेळाचे नाव निघाले की पुण्याच्या शीतल महाजन आठवतात. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर उणे ३७ अंश थंडीत २,४०० फुटांवरून उडी मारली, आणि ती त्यांची आयुष्यातली पहिलीच उडी होती. ही गोष्ट सगळे सांगतात, कारण ती धाडसाची आहे. मला त्यापुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. डिसेंबर २००६ मध्ये दक्षिण ध्रुवावर त्यांनी ११,६०० फुटांवरून उडी मारली. त्यानंतर शेकडो उड्या झाल्या. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ च्या फेब्रुवारीत थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून १३,००० फुटांवरून उडी मारली, तेव्हा पेपरात फोटो आले होते, तुम्हीही पाहिले असतील. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये एव्हरेस्टच्या समोर २१,५०० फुटांवरून त्या उतरल्या. पहिल्या उडीपासून एव्हरेस्टपर्यंत १९ वर्षे गेली. आपली पोरे मात्र पहिली आणि शेवटची उडी मोबाईलवर लागोपाठ पाहतात, मधली वर्षे त्यांना दिसत नाहीत.

नऊवारीचा विषय निघालाच आहे तर सांगते. त्या उडीत साडीवरून पट्ट्यांचा साज, हेल्मेट, चष्मा, बूट हे सगळे चढवलेले होते. ताशी १९० किलोमीटरच्या वाऱ्यात सुटलेला पदर मुठीवर आला तर मूठ दिसत नाही, हाताला लागत नाही. म्हणून अंगावरचे प्रत्येक कापड बांधलेले हवे. ज्या घरच्या मुलीने विचारले तिच्यासाठी: मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा जंपसूट या खेळात नेहमीचाच आहे. स्कार्फ हेल्मेटच्या आत आणि टोके सुटाच्या आत खोचून मुली उडी मारतात. मोकळी ओढणी आणि टाचण्या मात्र चालत नाहीत.

आता शिकण्याची रीत. भाचा अमेरिकन पद्धतीने शिकला, बहुतेक ठिकाणी तीच चालते. पहिला पूर्ण दिवस जमिनीवर जातो. मग पहिल्या उड्यांत दोन प्रशिक्षक दोन्ही बाजूंनी धरून बरोबर पडतात, पुढे एकच, मग कोणी धरत नाही पण जवळ असतात. २५ उड्या, लेखी परीक्षा आणि छत्रीची घडी स्वतः घालता येणे, एवढे झाले की पहिला परवाना. त्यापुढचे परवाने ५०, २०० आणि ५०० उड्यांवर. हेल्मेटवर कॅमेरा लावायचा तरी २०० उड्या झालेल्या असाव्यात असा दंडक आहे, कारण कॅमेऱ्याच्या नादात माणूस उंची पाहायला विसरतो. आमच्या भाच्याचे उडीतले फोटो सगळे दुसऱ्यांनी काढलेले आहेत ते त्यामुळेच.

तेरा हजार फुटांवरून निघाले की छत्री उघडेपर्यंत पाऊण मिनिटाच्या आसपास वेळ मिळतो. तेवढ्यासाठी सकाळपासून रांग, वारा वाढला तर दिवसभर बसून राहणे. आपाला वाटायचे पोरगा दर शनिवारी दहा वेळा उडी मारतो. बऱ्याच शनिवारी तो एकही न मारता परत आलेला असतो.

पाठीवरच्या पिशवीत दोन छत्र्या असतात, एक मुख्य आणि एक राखीव. मुख्य छत्रीची घडी तो स्वतः घालतो. जमिनीवर गुडघे टेकून, दोऱ्या ओळीत लावून, गुळगुळीत नायलॉनमधली हवा अंगाखाली दाबून काढायची. लग्नाच्या मांडवाचे कापड शाळेच्या दप्तरात बसवण्यासारखे काम आहे, सुरुवातीला बोटांची साले निघतात. राखीव छत्रीला मात्र त्याने हात लावायचा नाही. ती परवानाधारक रिगरच भरतो, सील लावतो, तारीख लिहितो, आणि अमेरिकन नियमाप्रमाणे १८० दिवसांनी उघडून पुन्हा भरतो, मग ती वापरलेली असो वा नसो. छातीवर उजवीकडे लाल मूठ, डावीकडे चांदीच्या रंगाची. लाल ओढली की बिघडलेली मुख्य छत्री सुटून जाते, दुसरी ओढली की राखीव उघडते. लाल मुठीमागे एकात एक अडकवलेल्या तीन कड्यांची युक्ती आहे, ती बिल बूथ या अमेरिकन माणसाने १९७० च्या दशकात काढली. आणि माणूस बेशुद्ध पडला किंवा भान हरपला तर? त्यासाठी पिशवीत एक छोटे यंत्र असते. जमिनीपासून साधारण ७५० फुटांवरही पडण्याचा वेग भयंकर असेल तर ते स्वतःच राखीव छत्री मोकळी करते. जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ यांनी १९९१ मध्ये आणलेले सायप्रेस हे त्यातले सर्वांत नावाजलेले. आधी उंटाला बांधा, मग तवक्कल, हे आपण लहानपणापासून ऐकतो. इथे बांधायच्या गाठी बऱ्याच आहेत, एवढेच.

एकेचाळिसाव्या उडीला भाच्याची मुख्य छत्री उघडली, पण दोऱ्यांना पीळ पडलेला आणि छत्री गरगर फिरायला लागलेली. घडी त्याचीच होती, दुसऱ्या कोणाला दोष नाही. पाय झाडून पीळ सोडवायचा प्रयत्न केला. मनगटावरच्या उंचीमापकावर २,५०० फूट दिसले तेव्हा प्रयत्न सोडला, लाल मूठ, मग चांदीची. राखीव उघडली, तो मैदानाबाहेर वाळूत उतरला. हे त्याने आईला फोनवर सांगितले नाही, तीन महिन्यांनी सुट्टीत घरी आल्यावर समोर बसून सांगितले. आपाने त्या दिवशी सदका काढला, दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, आणि आता हे सगळे बंद असे जाहीर केले. मामूंनीही तिचीच बाजू घेतली.

मी त्याला एकच विचारले, २,५०० चा आकडा तू तिथे ठरवलास का? म्हणाला, नाही खाला, तो शिकतानाच ठरलेला असतो, नवशिक्याने त्याखाली दुरुस्ती करत बसायचे नाही. मला तेवढे उत्तर पुरेसे होते. त्या दिवशी जे बिघडायचे ते बिघडले आणि जे चालायला हवे ते सगळे चालले.

मला भीती वाटली ती यानंतर, आणि ती एका खरेदीची. साठ उड्या झाल्यावर भाड्याचा संच सोडून स्वतःचा घ्यायचे त्याने ठरवले. नवा पूर्ण संच घेतला तर आपल्या पैशात पाच लाखांच्या पुढे जातो, म्हणून तो जुन्याच्या शोधात होता. त्याला एक १५० चौरस फुटांची छत्री स्वस्तात मिळत होती. देखणी, निळी, फोटोही पाठवला. घरात कोणालाच त्यात घाबरण्यासारखे काही दिसले नाही. आपाला तर लहान छत्री म्हणजे कमी धोका असे वाटले!

आपण छत्री म्हणतो ती खरे तर कापडी पंख आहे. समोरून हवा भरते, पंख फुगतो आणि नुसता खाली न येता पुढे धावतो. माणसाचे आणि सामानाचे मिळून वजन पौंडात घ्यायचे, त्याला छत्रीच्या चौरस फुटांनी भागायचे. भाचा सामानासकट ८६ किलो, म्हणजे १९० पौंड. १९० फुटांच्या छत्रीखाली उत्तर येते १, नवशिक्याला साधारण तेवढे पुरे. १५० च्या छत्रीखाली ते १.२७ होते. छत्री जितकी लहान तितकी ती वेगवान आणि रागीट. तिच्या दोऱ्यांना पीळ पडला तर ती जास्त जोरात फिरते. आणि जमिनीजवळ घाबरून एक बाजू खेचली तर ती वळता वळता नाक खाली घालून सूर मारते. अमेरिकेत २०२३ मध्ये ३६ लाखांहून जास्त उड्या झाल्या आणि १० माणसे गेली. संख्या फार कमी आहे. पण अशा मृत्यूंचा हिशेब पाहिला की दर वर्षी त्यात अशी माणसे सापडतात ज्यांची छत्री व्यवस्थित उघडलेली होती, ती उतरताना चुकली. न उघडणाऱ्या छत्रीच्या गोष्टी आपण सांगतो, उघडलेल्या छत्रीच्या कोणी सांगत नाही.

आपल्या इतिहासातही असाच एक नमुना आहे. नवव्या शतकात कुर्तुबा शहरात अब्बास इब्न फिरनास यांनी पंख बांधून उड्डाण केले. अल-मक्करी यांनी लिहून ठेवले आहे की ते बरेच अंतर गेले, पण उतरताना पाठ दुखावली, कारण पक्षी शेपटीच्या आधाराने उतरतो हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. उडणे जमले होते, उतरणे राहिले होते.

भाच्याला शेवटी थांबवले ते घरच्यांनी नाही, त्याच्या प्रशिक्षिकेने. तिने भांडण केले नाही, कागदावर कामे लिहून दिली. आहे त्या मोठ्या छत्रीवर दहा मीटरच्या वर्तुळात लागोपाठ उतरून दाखव. उंची न गमावता सपाट वळण घे. आडव्या वाऱ्यात उतर. मागच्या पट्ट्यांनी छत्री चालवून दाखव. हे सगळे झाले की मग ये, आपण लहान छत्रीचे बोलू. त्याला वाटले होते दोन शनिवारचे काम आहे. चार महिने झाले, वर्तुळ अजून हुकते आहे.

या मंडळींचे आपसातले वागणे मला आवडते, सगळे नाही पण बरेचसे. विमानात चढण्याआधी कोणीही कोणाच्या पाठीवरची पिन तपासून देतो, ओळख असो वा नसो, आणि पाचशे उड्यांचा माणूसही नवख्याकडून मुकाट तपासून घेतो. पट्टे चढवण्यापूर्वी, विमानात बसण्यापूर्वी आणि दार उघडण्यापूर्वी अशी तीनदा पाहणी होते. चूक दिसली तर तोंडावर सांगतात. त्यांच्यात एक प्रथा आहे, आयुष्यात काहीही पहिल्यांदा केले की सर्वांना बिअर पाजायची. आमच्या पोराने पहिल्या एकट्या उडीला सरळ सांगितले की ते माझ्याकडून होणार नाही, आणि इथून नेलेल्या चिन्नोर तांदळाची बिर्याणी घेऊन गेला. आता त्याचे ‘पहिले’ काही झाले की लोक डेगचीची वाट पाहतात. राखीव छत्री वापरावी लागली तर ती भरणाऱ्या रिगरला दारूची बाटली द्यायची रीत आहे, त्याने अत्तराची दिली. शंभराव्या उडीला तोंडावर मलईचा केक फासतात, ते मात्र मला मुळीच पसंत नाही. अन्न आहे ते.

ज्या दोन घरांनी विचारले त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. प्रशिक्षकाला बांधून मारायची उडी १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच, आणि त्यासाठी वजनाची मर्यादा असते, आधी विचारून घ्या. भारतात हरियाणात नारनौलला आणि मध्य प्रदेशात उज्जैनला अशा उड्या झाल्या आहेत. जिथे जाल तिथे राखीव छत्रीच्या कार्डावरची तारीख पाहायला मागा. दाखवायला कोणी कुरकुर केली तर चप्पल घालून परत या. आयुर्विम्याचा कागद काढून वाचा, पुष्कळ पॉलिसींत साहसी खेळांसाठी वेगळी अट असते, आणि छंद लपवला तर मागे राहिलेल्यांचा दावा अडतो. मुलगा कमावता असेल तर बहिणीच्या लग्नाचे, घराच्या हप्त्याचे पैसे बाजूला ठेवून उरलेल्यातच छंद करावा, हे बोलायला लाजू नका. आमच्या भाच्याने रमजानमध्ये रोज्यात उडी मारायची नाही असे स्वतःच ठरवले आहे, पाणी कमी पडले की डोके हलके होते आणि तिथे डोके ठिकाणावर लागते.

मागच्या आठवड्यात त्याने संच घेतला. वापरलेला आहे, रिगरकडून तपासून घेतलेला, यंत्राची मुदत शिल्लक आहे. मुख्य छत्री १९० फुटांची, रंग विटका केशरी, फोटो काढण्यासारखी अजिबात नाही. आपाने रंग पाहून नाक मुरडले, मग वर्तुळ किती मीटरचे असते ते मला विचारले आणि अंगणात पावले मोजली.